वळणावरचा भारा

रविवार, ४ नोव्हेंबर १९९०

आजवर स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: शाळेची घंटा (रेल्वेरुळाचा तुकडा, अकरा किलो). गॅरेजचं दार, मोडीत निघालेल्या बसच्या पत्र्याचं. आतल्या बाजूने अजून 'धुळे–जळगाव' वाचता येतं. एकवीस बैलगाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा. हिची शेगडी. मायची काठी, खाली टायरचं रबर. वायपरच्या मोटारीवर हलणारा पाळणा – हलतो उत्तम, फक्त थांबत नाही. आणि आज सायंकाळी पावणेसहाला पुरा झालेला गतिरोधकाचा साचा.

साच्याची लांबी तीन मीटर सत्तर. मधोमध उंची दहा सेंटीमीटर, दोन्ही कडांना शून्य. हे आकडे मनाचे नाहीत. धुळ्याच्या रद्दीवाल्याकडे इंजिनिअर लोकांची इंग्रजी पुस्तिका मिळाली. सातवी नापास माणसाने शब्दकोश घेऊन ती अकरा दिवसांत वाचली. पान ४ वर छपाईची चूक आहे, तीही सापडली.

कारण माय. मंगळवारी वळणावर एका ट्रकचा आरसा तिच्या पदराला लागला. पदर गेला, माय राहिली. वय शहात्तर. हायवे रुंद झाला तेव्हा आमच्या साडेचार एकरांच्या मधून गेला – घर अलीकडे, विहीर, गोठा आणि म्हैस पलीकडे. माय दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडते. म्हैस अलीकडे आणून पाहिली. तीन दिवस दूध दिलं नाही तिने, आणि मायने जेवण सोडलं. दोघींना परत पाठवलं.

मायला सांगून उपयोग नाही. तिचं म्हणणं एकच, शेत तिचं, थांबायचं रस्त्याने – "हाऊ रस्ता मना वावरमा शे. मी काबर थांबू?"

बुधवार, ७ नोव्हेंबर

टेकवाडे फाटा रस्ता सुरक्षा समिती स्थापन झाली. मीच फिरून सगळ्यांना गोळा केलं. सभा झुलाल नानांच्या हॉटेलात, कारण चहा तिथे आहे. सभासद पाच: अध्यक्ष झुलाल नाना, वजनकाट्याचे जीवराम आबा, शाळेचे हेडमास्तर चुडामण गुरुजी, चौकीवरचा नथ्थू हवालदार, आणि मी पंडित मिस्तरी, चिटणीस. अक्षर चांगलं म्हणून.

मी नकाशा नेला होता. वर्षभरातले अपघात लाल ठिपक्यांनी दाखवले. सतरा ठिपके, सतराच्या सतरा वळणावर. मयत चार. गुरुजींनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, रंग कुठेही रेषेबाहेर गेलेला नाही.

मग गतिरोधक कुठे करायचा यावर चर्चा. झुलाल नाना म्हणाले, अपघात होतो तो ड्रायव्हर उपाशी आणि पेंगुळलेला असतो म्हणून. तेव्हा गतिरोधक हॉटेलासमोर. जीवराम आबा म्हणाले, अपघात जादा वजनाने होतो, तेव्हा काट्यासमोर. गुरुजींना शाळेसमोर हवा – हे रास्त आहे, मी मान डोलावली. नथ्थू म्हणाला, गाडी चौकीसमोर हळू झाली तर मला नंबर वाचता येईल, सध्या फक्त रंग लिहितो.

मी म्हणालो, अहो, वळण!

यावर जीवराम आबा शांतपणे म्हणाले, "वळणावर कोणाचं काय आहे, पंडितभाऊ? एक तुझी माय."

ठराव क्र. १: गतिरोधक चार करावेत. डांबर उरल्यास वळणाचा विचार व्हावा. चार विरुद्ध एक. माझ्याच अक्षरात लिहिला.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

पुस्तिकेत 'डांबर उरल्यास' असं कुठेही नाही. पुन्हा पाहिलं.

शनिवार, १७ नोव्हेंबर

काम झालं. सगळ्यांनी सहकार्य केलं हे मान्य करावं लागेल. डांबराचे पिंप झुलाल नानांचे, खडी गुरुजींच्या भावाची, माणसं आबांची. रोलर कोणाकडे नव्हता, म्हणून आबांनी कापसाच्या गाठी भरलेला ट्रक गतिरोधकावरून चाळीस वेळा मागे-पुढे केला. मी मोजत होतो. सव्विसाव्या वेळी तो स्वतःच उंचवट्यावर अडकला. गतिरोधकावर अडकलेला फाट्यावरचा पहिला ट्रक समितीचाच.

साचा माझा, पण मी चुना आणायला गेलो तेवढ्यात झुलाल नानांनी त्याखाली विटा घालून घेतल्या. आल्यावर पट्टी लावली – तेवीस सेंटीमीटर! विचारलं तर म्हणाले, जेवढा उंच तेवढं पुण्य. त्यांचं पाहून आबांनी पंचवीसचा केला. चौकीचा एकोणीस. फक्त शाळेचा दहाचा, कारण गुरुजी साच्यावर स्वतः बसून राहिले होते.

डांबर उरलं नाही.

गुरुजींनी प्रेमाने पाटी रंगवून लावली – 'गतिरोधक. संकल्पना व साचा: पंडित मिस्तरी.' चारही ठिकाणी. शाळेची पाटी ठेवा, बाकी तीन काढा म्हणालो. त्यांना तो माझा विनय वाटला.

रविवार, २५ नोव्हेंबर

आठ दिवसांत तुटलेले स्प्रिंगच्या कमानीचे पाटे: चौदा. सायलेन्सर: नऊ. अंड्यांचा टेम्पो: एक, त्याचं मोजमाप शक्य नाही.

सगळे ड्रायव्हर पाटी वाचून थेट माझ्या गॅरेजात येतात. आधी शिव्या, मग पाटा दाखवतात. एकाने तर माझं नाव विचारलं, मी सांगितलं, तो म्हणाला, संकल्पनावाला तूच का? फाट्यावर बोलणं सुरू झालंय की पंडितने मुद्दाम उंच केले, धंदा व्हावा म्हणून. माझ्या दहा सेंटीमीटरवर हा आरोप!

म्हणून चौदाही पाटे मजुरी न घेता बसवले. ही म्हणाली, "तुमची समिती अजून महिनाभर चालली तर आपण रस्त्यावर येऊ. मग आपल्यासाठी पण एक गतिरोधक करा."

मंगळवार, २७ नोव्हेंबर

घड्याळ घेऊन वळणावर बसलो. दोन विजेचे खांब धरून वेग काढला. चार गतिरोधकांवर आपटून आलेला ड्रायव्हर शेवटचा संपला की सगळा राग पायात आणतो. वळणावर पूर्वी ताशी पन्नास होते, आता पासष्ट ते बहात्तर. म्हणजे समितीने सगळ्यांचा धोका गोळा करून एका जागी आणून ठेवला. माय जिथे ओलांडते, बरोबर तिथे.

मायच्या वेळा: सकाळी ६.१० जाणं, ७.२५ येणं, दुपारी ४.४० जाणं, ६ ला येणं. येताना डोक्यावर घरच्या शेळ्यांसाठी चाऱ्याचा भारा. भाऱ्याखाली तिला डावीकडचं दिसत नाही.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

स्वतःच्या खर्चाने दीड पिंप डांबर आणलं. सकाळी वळणावर साचा मांडला. पाऊण तासात नथ्थू हवालदार. वळण ठरावात नाही, म्हणाला, आणि परवानगीशिवाय सरकारी रस्त्यावर काही टाकणं गुन्हा आहे. मी विचारलं, मग हॉटेलासमोरचा? तो समितीचा, हा तुझा.

पंचनामा लिहायला बसला. त्याची टेप सहा सेंटीमीटरवर तुटलेली, तो तिथेच शून्य धरून मोजत होता. चुकीचा पंचनामा मला सहन होईना. माझी टेप दिली, मापं मी सांगितली, शुद्धलेखन मी दुरुस्त केलं, खाली आरोपी म्हणून सहीही मीच केली.

सायंकाळी सभा. चिटणीस या नात्याने ठराव क्र. ४ लिहिला: पंडित मिस्तरी यांच्या एकतर्फी वर्तनाबद्दल समिती नापसंती व्यक्त करते. एकमताने. मी हात वर केला नव्हता, पण लिहिण्यात गुंतल्यामुळे विरोधात मोजायचा राहिलो.

रविवार, ९ डिसेंबर

आज अक्षर बिघडेल.

सहाला दोन मिनिटं कमी. मी अलीकडे उभा. माय पलीकडे, भारा पायाशी ठेवलेला. आज ओला घास, जड. एकटीने डोक्यावर घेता येईना. आपल्याकडची रीतच आहे – वाटेने जाणाऱ्याला भारा उचलू लाग म्हटलं की त्याने थांबायचं, मग तो पाटील असो की परका. मायने इकडेतिकडे पाहिलं. तिच्या बाजूला माणूस कोणी नाही. समोरून ट्रक आला. तिने त्यालाच हात केला! रस्त्याच्या मधोमध येऊन.

ब्रेकचा आवाज अजून कानात आहे. ट्रक थांबला तो मायपासून एक हात चार बोटांवर. नंतर मोजलं. ड्रायव्हर सरदारजी. माय त्याला म्हणते, "ये रे भाऊ, भारा उचली दे."

तो उतरला. भारा उचलून दिला. मग काय वाटलं त्याला, परत स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि "चलो माताजी" म्हणत अलीकडे आणून टाकला. मागे सात गाड्या उभ्या. मायने त्याला विचारलं, घरी कोण कोण आहे, जेवलास का.

मी मायवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, तो थांबला की. तू का रडी राहिना?

रविवार, १६ डिसेंबर

आठवडाभर रोज हेच. माय आता माणसांकडे पाहतच नाही, सरळ ट्रकला हात करते. मी रोज दोन्ही वेळा सोबत जायला लागलो तर चिडते – मी काय म्हैस आहे का, म्हणाली.

पण वेग मोजला. वळणावर ताशी तीस! दोनदा खात्री केली. या मार्गावरच्या ड्रायव्हर लोकांत बातमी पसरली आहे की टेकवाडे फाट्याच्या वळणावर एक म्हातारी उभी असते, सापडलास की ट्रक सोडून चारा वाहावा लागतो, वर घरची सगळी चौकशी. त्यामुळे म्हातारी आहे की नाही हे आधी बघायला सगळे लांबूनच हळू होतात. ती नसते त्या वेळीसुद्धा.

नऊ तारखेपासून वळणावर अपघात शून्य. चार गतिरोधकांवर तीन, त्यातला एक नथ्थू हवालदाराची सायकल.

गुरुवार, २० डिसेंबर

सभा. मी आकडे मांडले. झुलाल नानांनी 'भारा योजना' समितीची म्हणून जाहीर केली. ठराव क्र. ७: श्रीमती भागाबाई (म्हणजे माय) यांस समितीच्या सभासद करून लाल निशाण द्यावे. निशाण दिलं. मायने त्याने म्हशीवरच्या माश्या हाकलल्या.

बुधवार, २६ डिसेंबर

झुलाल नानांनी आपल्या आत्याला, धुरपदाबाईंना, हॉटेलासमोर भारा घेऊन बसवलं. खुर्चीवर. गाड्या थांबाव्यात म्हणून. पहिला ड्रायव्हर थांबला, भारा उचलला – आत पोत्यात कागद. त्याने भारा परत ठेवला, धुरपदाबाईंना नमस्कार केला आणि नानांकडे बघून जे बोलला ते इथे लिहीत नाही. दुपारपासून कोणी थांबेना. धुरपदाबाईंनी मात्र चार कप चहा घेतला आणि दोन प्लेट भजी खाल्ली. खोटा भारा ड्रायव्हरला हाताला कळतो. एवढी साधी गोष्ट!

शुक्रवार, ४ जानेवारी १९९१

नाना घरी आले. मायला म्हणाले, आक्का, तू वळणावरून कशाला जातेस, माझ्या हॉटेलासमोरून ओलांड. चहा-नाश्ता जन्मभर फुकट. माय म्हणाली, म्हैस तुन्या हॉटेलमा शे का?

नाना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, म्हशीचं काय मागतोस?

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. रस्ता सुरक्षा सप्ताह. जिल्ह्याहून साहेब पाहणीला आले. झुलाल नानांचा फेटा. शाळेच्या पोरांनी गाणं म्हटलं. साहेबांची जीप हॉटेलासमोरच्या गतिरोधकावर आली तेव्हा साहेबांचं डोकं टपाला लागलं. नाना म्हणाले, बघा साहेब, किती परिणामकारक.

मी साहेबांना नकाशा दाखवला, आधीचा आणि नंतरचा. ते वळणावर येतो म्हणाले. सायंकाळचे पावणेसहा. माय उभीच होती. साहेबांनी विचारलं, आजी, तुम्ही नेमकं काय करता?

"मी काही करस नही, बाप्पा. भारा जड शे. उचली मांगस." मग त्यांच्याकडे नीट पाहून, "तू बी ये. धर तिकून."

साहेब सफारीच्या बाह्या सावरून वाकले. आम्ही पाचही सभासद पुढे धावलो, पण मायने हाताने मागे सारलं. साहेबांनी भारा उचलला, मायच्या डोक्यावर दिला. घासाचा चिखल खांद्यावर. मागे अकरा ट्रक, एकानेही हॉर्न वाजवला नाही.

सन्मानपत्र मिळालं – 'चार शास्त्रीय गतिरोधकांबद्दल'. आणि भिंतीवरचं घड्याळ, ते नानांच्या हॉटेलात लागलं. सहा मिनिटं पुढे आहे.

रविवार, ३ फेब्रुवारी

मायला ताप. तीन दिवस झाले. डॉक्टर सुई देऊन गेला, छातीत कफ आहे म्हणाला. म्हशीकडे मी जातो. वळणावर गाड्या हळू होतात, ड्रायव्हर मान बाहेर काढून विचारतात, आक्का कुठे? आजारी आहे सांगतो. नागपूरकडच्या एका ट्रकवाल्याने संत्र्यांची पेटी उतरवून ठेवली, नाव सांगितलं नाही. गाडीचा नंबर लिहून घेतला आहे.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

माय बोलत नाही. संत्र्याची एक फोड घेतली. म्हशीचं विचारलं, खुणेने. दूध देते म्हणालो. अर्धच देते.

शनिवार, ९ फेब्रुवारी

माय गेली. दुपारी पावणेतीनला. खाटेवर, घरात. रस्त्याने तिला काही केलं नाही.

रविवार, १० फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही ते.

मसणवटा पलीकडे, नदीकडे. म्हणजे न्यायचं वळणावरूनच. सव्वासहा वाजले होते. तिरडी डांबरापाशी आली. नथ्थू हवालदार पुढे पळाला, शिटी तोंडात घातली, हात वर केला – पण दोन्ही बाजूंच्या गाड्या आधीच उभ्या होत्या. तरी त्याने शिटी वाजवली. वाजवतच राहिला. मग लक्षात आलं, तो रडतोय.

तीन-चार ड्रायव्हर उतरून आले. एक म्हणाला, भाऊ, जरा आम्ही धरू. मी माझा खांदा काढून घेतला. डांबर संपेपर्यंत माय त्यांच्या खांद्यावर होती.

कोंडी सुटायला पाऊण तास लागला. झुलाल नानांनी उभ्या ड्रायव्हर लोकांना चहा वाटला. पैसे घेतले नाहीत. हेही नोंदवलं पाहिजे.

गाड्या: धुळ्याकडे अठ्ठावन्न, जळगावकडे एकेचाळीस. का मोजल्या, माहीत नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

वळणावर वेग ताशी अडतीस.

बुधवार, २० फेब्रुवारी

सेहेचाळीस. आज सकाळी दुधाच्या सायकलवाल्याला ट्रकने उडवलं. पाय मोडला, जीव वाचला. नकाशावर वळणापाशी अठरावा ठिपका घातला. रंग थोडा रेषेबाहेर गेला.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

काल तेरावं झालं. आज चारही सभासद घरी आले. समितीचं पहिल्यांदाच खरं एकमत आहे आणि तेही वळणावर. मी मायचा पुतळा करायचा, लोखंडी पत्र्याचा, हुबेहूब, एक हात वर, डोक्यावर भारा. अंगावर तिचंच लुगडं. गुरुजी म्हणाले, मापं तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहेत?

आहेत. उंची चार फूट आठ इंच. हात वर केला की सहा फूट.

नाही म्हणालो. सायंकाळी घास कापला, एकट्याला उचलणार नाही एवढा मोठा भारा बांधला, आणि वळणावर जाऊन ट्रकला हात केला. सहावा थांबला.

पुतळ्याचे साडेसात हजार रुपये देत होते.